बर्फाखालचा उतार

पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी जवळपास १२० किलोमीटर रुंदीनं समुद्राकडे सरकते आहे. ती सगळी गेली, तर जगातल्या समुद्राची पातळी साधारण ६५ सेंटिमीटरनं वाढेल. एवढा मोठा बर्फ गेला की त्याची पाण्यावरची ओढही जाते. त्यामुळे दूरच्या किनाऱ्यांवर, त्यात आपलं कोकणही आलं, पाणी सरासरीपेक्षा थोडं जास्तच चढेल. पण हे किती झपाट्यानं घडेल, ते बर्फाखालच्या जमिनीच्या उतारावर ठरणार. ही जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तशी आणखी खोल होत जाते. हिमनदीचा काठ जितका मागं हटेल, तितका जाड बर्फ समुद्राच्या तोंडी येईल. वरचा पृष्ठभाग उपग्रह उत्तम मोजतात. जाड बर्फाखालचा तळ मात्र मुख्यतः विमानातूनच चाचपावा लागतो.

ही विद्या एका अडचणीतून जन्मली. विमानातले रेडिओ उंचीमापक बर्फावरून जाताना चुकीची उंची दाखवत, कारण लहरी पृष्ठभागावर न थांबता आत शिरत. वैमानिकांच्या जिवावर बेतणाऱ्या या दोषातूनच बर्फाची जाडी मोजता येईल, हे संशोधकांच्या लक्षात आलं. केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन इव्हान्स यांनी १९६०च्या दशकात त्यासाठी खास रडार बांधलं.

आज हे काम बहुधा ट्विन ऑटर करतं. दोन इंजिनांचं हे छोटं विमान चाकांऐवजी स्की लावून थेट बर्फावर उतरतं. पंखांखाली अँटेना, आत लेसर आणि गुरुत्वमापक. २००४-०५च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठाच्या चमूनं थ्वेट्सवर आणि ब्रिटिश चमूनं शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीवर अशीच उड्डाणं केली. वरून पाहिलं तर काम कंटाळवाणं वाटेल: एक सरळ रेषा, वळण, मग तिला समांतर दुसरी. माझ्या मते या विद्येचं सगळं कसब त्या सरळपणातच आहे.

रडारची लहर बर्फातून मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर जाते. दोन किलोमीटर बर्फ भेदून तळाला आपटून परतायला तिला जेमतेम २४ मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावर उमटणाऱ्या चित्रात सर्वांत वर पृष्ठभागाची ठळक रेघ असते. तिच्याखाली बंद वहीच्या पानांच्या कडांसारखे थर दिसतात. हे जुने हिमवर्षाव. मग काळोखा पट्टा, आणि शेवटी तळाची खडबडीत रेघ. ती एखाद्या ठिकाणी फार उजळली, तर तिथं पाणी असण्याची शक्यता बळावते.

जिथं बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो, तिथं रडार हात टेकतं, कारण खाऱ्या पाण्यातून या लहरी जात नाहीत. मग गुरुत्वाकर्षणाचा आधार. खडक पाण्यापेक्षा जड, म्हणून समुद्रतळ वर आला की ओढ वाढते, खोल गेला की घटते. हे फरक मोजायचं एकक, मिलिगॅल, एकूण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहालाखांश. विमानाचा साधा हेलकावासुद्धा त्याच्या हजारो पट मोठा असतो. वैमानिकाचा हात किती स्थिर हवा, ते यावरून समजावं. २०१९मध्ये अशा मोजणीतून आणि जहाजावरून घेतलेल्या नोंदींतून थ्वेट्ससमोर ८०० मीटरहून खोल जाणारी दरी स्पष्ट झाली. खोलवरचं उबदार पाणी हिमनदीच्या पायथ्याशी पोहोचायची ही वाट आहे.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती जुनी फिल्म. १९६७ ते १९७९ दरम्यान ब्रिटिश, अमेरिकी आणि डॅनिश संशोधकांनी अमेरिकी नौदलाच्या विमानांतून अंटार्क्टिकावर सुमारे चार लाख किलोमीटरच्या रेषा उडवल्या. नोंदी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरत. त्या काढणाऱ्यांना खालचे डोंगर नि बर्फाची जाडी हवी होती. हिमनदी बदलते आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पण त्यांनी रीळं नीट जपली. पुढं स्टॅनफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ती स्कॅन केली. थ्वेट्सच्या पूर्वेकडच्या तरंगत्या बर्फाच्या १९७८च्या नोंदी २००९च्या मोजणीशेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की तो बर्फ जागोजागी १० ते ३३ टक्क्यांनी पातळ झाला होता.