बंद खोलीतील घाट

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथम भरली आणि पोहण्या-धावण्याबरोबर नव्वद किलोमीटर सायकल हाकण्याची आकांक्षा गोमंतकीय तरुणांत दिसू लागली. भल्या पहाटे भोंगा वाजवीत सायकलवरून पाव पोहोचविणाऱ्या पदेराला तिचे कौतुक वाटेल की हसू येईल, कोण जाणे! परंतु व्यायामशाळेच्या बंद दालनात, कर्कश संगीताच्या तालावर पाऊण तास जागच्या जागी पायडल मारले म्हणजे अशा स्पर्धेची तयारी झाली, हा समज मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या वर्गांचा उगमच मुळी रस्त्यावरचा. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जॉनी गोल्डबर्ग याने अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या शर्यतीच्या सरावासाठी १९८० च्या दशकात असे यंत्र जुळविले. सरावाच्या साधनाचा सोहळा झाला तो पुढे.

त्या यंत्राचे जड चक्र पायडलाशी सहसा पक्के जखडलेले असते. ते एकदा वेगात आले की पाय चक्राला फिरवितात की चक्र पायांना, हे सांगणे कठीण. रोध सैल ठेवून मिनिटाला सव्वाशे फेरे मारणारा घामाने निथळतो खरा; पण त्या घामाचे बरेचसे श्रेय अंगाला वारा न लागण्याला द्यावे लागते. रस्त्यावर वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो. चोर्ला घाटात गिअर केव्हा उतरवावा, ओल्या वळणावर ब्रेक किती दाबावा, मागून ट्रक आला असता तोल कसा राखावा, हे दालनात कोण शिकविणार?

शिवाय दमणे म्हणजे सराव नव्हे. सायकलपटूचा बहुतेक वेळ संथ, लांब पल्ल्यात जातो. जोराचे दिवस मोजके, आणि विश्रांतीही ठरलेली. वर्गात मात्र नवख्याला आणि मुरलेल्याला एकच हाकारा. पहिल्याच वर्गातील अतिरेकाने मांडीचे स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडे धोक्यात आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. व्यायामानंतर स्नायूंत असह्य वेदना होऊन लघवी काळपट झाली, तर तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

म्हणून घरातील सराव व्यर्थ, असे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचा हात फेब्रुवारी २०१६ मध्ये मोडला. त्याने घरीच यंत्रावर सराव केला आणि १० एप्रिलला पॅरिस-रुबे शर्यत जिंकली. मात्र ती त्याची पंधरावी पॅरिस-रुबे होती! दगडी रस्ता त्याच्या अंगात आधीच मुरलेला होता.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने अशा यंत्राचा उपयोग जरूर व्हावा. उरलेल्या आठ महिन्यांत तरुण दालनातच राहिले, तर दोष त्यांचा एकट्याचा नाही. खड्डे चुकवावेत की भरधाव मोटारी, हा प्रश्न आपल्या रस्त्यांवर सायकलस्वाराला रोज पडतो, आणि त्याचे उत्तर व्यायामशाळेच्या चालकांनी नव्हे, सार्वजनिक बांधकाम खात्याने द्यावयाचे आहे.