छत्रीला भाडे नाही

आमच्या गावात एक आजी आहेत. गाव पाथर्डीच्या बाजूला, कोरडवाहू. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की घरात आजी आणि दोन नातवंडं, एवढीच माणसं उरतात. पत्र्यावर एक छत्री आहे, घरात जुना टीव्ही आहे. रात्रीची तेवढीच सोबत.

एका एप्रिलात आजींच्या टीव्हीवरच्या काही वाहिन्या दिसेनाशा झाल्या. त्याच दिवसांत गावात एक माणूस आला. पाठीला पिशवी, हातात पक्कड. तो म्हणाला, "आजी, वर्ष संपलं. रिचार्ज मारावा लागंल. सहाशे रुपये."

आजींनी डब्यातले पैसे काढून दिले. त्याने रिमोटची चार बटणं दाबली. चित्र आलं. माणूस गेला.

संध्याकाळी आजी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, शेजारणीची छत्री बी अशीच हाय. ती म्हणती, मी कधी पैसं दिलं न्हाईत. मंग माझंच कसं घेतलं?"

आम्ही जाऊन पाहिलं. छत्री डीडी फ्री डिशची होती. तिला रिचार्ज नसतो. महिन्याचा नाही, वर्षाचाही नाही. सहाशे रुपये चार बटणांचे गेले होते. म्हणून हे सारं नीट सांगावं असं आम्हांला वाटलं.

आधी जुनी गोष्ट सांगतो. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पण मुंबईचं चित्र आपल्या खेड्यात यायला फार वर्षं लागली. तेव्हा चित्र मनोऱ्यावरून यायचं. मनोऱ्यातून लाटा निघतात, त्या बहुतेक सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. आम्ही काही वर्षं अकोले तालुक्यात नोकरी केली. तिथे कळसूबाईचा डोंगर, १६४६ मीटर उंच. रामायण मालिका लागायची तेव्हा, म्हणजे १९८७ साली, एक पोरगा घरावर चढून अँटेना फिरवायचा. खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं! मुंग्या आल्या!" दरीतल्या वाड्यांना तर मुंग्यासुद्धा दिसत नसत.

तो अँटेना आता घरावर ठेवण्यात काही अर्थ नाही. दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे मनोरे बंद करत आणले आणि २०२२ पर्यंत थोडे सोडून बाकीचे बंद झाले. बांबूवरचा तो सांगाडा उतरवून ठेवा. वाऱ्याने पडून कुणाचं डोकं फुटायला नको.

आता चित्र वरून येतं. वर म्हणजे किती वर? जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर. तिथे माणसाने सोडलेला उपग्रह फिरतो. पृथ्वी एक फेरा घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरा घेतो. बैल आणि गाडी बरोबर चालतात, गाडीतल्या माणसाला बैल पुढे तिथेच दिसतो. तसा हा उपग्रह आपल्याला एकाच जागी असतो. म्हणून छत्री एकदा बसवली की फिरवावी लागत नाही. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो आपल्या इस्रोने बनवला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये आकाशात गेला.

आपल्या देशात उपग्रहाचं चित्र खेड्यात प्रथम आलं ते १९७५ साली. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत वर्षभर प्रयोग झाला. उपग्रह अमेरिकेचा होता. छत्री दहा फुटांची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. आपला महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मात्र शेजारच्या जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ सालीच मोठी थोरली छत्री उभी राहिली होती. ती परदेशांशी बोलण्यासाठी होती, टीव्हीसाठी नव्हे.

आता पैशाचं. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. ती प्रसार भारतीची आहे, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची. छत्री, डबा आणि वायर यांचा खर्च एकदाच. साधारण दोन हजार रुपये धरा, थोडं इकडेतिकडे. पुढे काही नाही.

मग फुकट कसं परवडतं? फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही असं नव्हे. खासगी वाहिन्या त्यावर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात. बाजार समितीत कांद्याचा होतो ना, तसाच लिलाव. त्यांना पैसा जाहिरातींतून मिळतो. पाहणारे जास्त, तर जाहिरात जास्त. आणि साबण घेताना त्या जाहिरातीचा दाम आपणच भरतो, ते वेगळं!

हा लिलाव वर्षावर्षाचा असतो. सहसा १ एप्रिलपासून काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींची जागा बदलते. डब्याला ते आपोआप कळेलच असं नाही. आजींच्या घरी हेच झालं होतं. यावर उपाय एकच. रिमोटवर 'मेनू' दाबा, 'ऑटो स्कॅन' किंवा 'चॅनेल सर्च' शोधा, ते चालू करा आणि थोडा वेळ बसा. डबा सगळ्या वाहिन्या नव्याने शोधतो. लिलावात जी वाहिनी निघून गेली ती मात्र कुणीही आणू शकत नाही, सहाशे दिले तरी.

खासगी कंपन्यांच्या छत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाहिन्यांना कुलूप असतं, पैसे भरले की उघडतं. तिथे रिचार्ज खरा. म्हणूनच त्या माणसाचं बोलणं आजींना खरं वाटलं. तेव्हा आधी विचारायचं ते हे, की आपली छत्री कुणाची?

छत्री बसवायची दिशा सांगतो. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण. दोन्हींच्या बरोबर मध्ये आग्नेय. आपल्या नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) उपग्रह त्या बाजूला आहे, आणि बराच वर. क्षितिजापासून डोक्यापर्यंतचं आकाश तीन भागांत वाटलं तर दोन भाग वर. म्हणून तो दरीतूनही दिसतो, अकोल्याच्या वाड्यांतही. छत्रीचं तोंड पाहून मात्र फसू नका. ती जेवढी वर पाहते असं वाटतं त्याहून जास्त वर पाहत असते, तिची घडणच तशी आहे. आग्नेयेला लिंबाची फांदी आडवी आली तर चित्र अडेल. फांदी छाटा, नाहीतर छत्री हलवा.

खांब गच्च रोवा. विजेच्या तारेपासून लांब. आणि पावसात पत्र्यावर चढू नका. मोठा ढग आला की चित्र तुकडे तुकडे होतं, कारण पावसाचं पाणी त्या बारीक लाटा खाऊन टाकतं. छत्री बिघडलेली नसते. पाऊस थांबला की चित्र आपलं आपण येतं. विजा कडाडत असतील तर बटण बंद करून पिन काढावी आणि वायरही डब्यातून सोडवावी.

डबा घेताना दुकानदाराला विचारा, "एमपेग-४ चा आहे ना?" जुन्या एमपेग-२ डब्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. टीव्ही जुना असला तरी चालतो, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना लावता आल्या पाहिजेत. मराठीसाठी सह्याद्री आहे. शेतीसाठी डीडी किसान आहे, ती २६ मे २०१५ रोजी सुरू झाली. पण ती देशभराची आणि बोलणं बहुतेक हिंदी, आपल्या शिवारापुरतं त्यात थोडंच सापडतं.

आजींना आम्ही रिमोटची बटणं दाखवली. त्यांना 'मेनू' हा शब्द वाचता आला नाही, म्हणून नातीने त्या बटणावर कुंकवाचं बोट लावून दिलं. गेल्या एप्रिलात पिशवीवाला पुन्हा आला होता. आजींनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मागचे सहाशे कशाचे होते, ते आधी सांग."