वचन आणि वल्गना : व्हिक्टोरियन पेटंट औषधांच्या जाहिरातींची भाषा

जुन्या नियतकालिकांच्या फाइली चाळताना वाङ्मयाचा अभ्यासक कथा, निबंध आणि ग्रंथपरीक्षणे टिपून घेतो. जाहिरातींची पाने मात्र तो सहसा न वाचताच उलटतो. ज्या वाचकवर्गासाठी ते अंक निघाले त्याने ही पानेही तितक्याच आस्थेने वाचली होती, हे आपण विसरतो. चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी १८५२-५३ मध्ये मासिक भागांतून प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या भागांना कादंबरीचेच नाव धारण करणारी जाहिरातींची स्वतंत्र पुरवणी जोडलेली असे. पुढील प्रकरणाची वाट पाहणारा वाचक त्याच बैठकीत गोळ्या, मलमे आणि अर्क यांचीही वर्णने वाचत होता. व्हिक्टोरियन काळातील वाचनसंस्कृतीचा विचार या मजकुराला वगळून करता येणार नाही.

पेटंट औषधांच्या या जाहिरातींकडे भाषिक व्यवहार म्हणून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लोक भोळे होते आणि विक्रेते लबाड होते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. वचनाचा आभास निर्माण करायचा, परंतु वचनात सापडायचे नाही, या कौशल्यावर ही भाषा उभी होती, असे येथे सुचवायचे आहे.

नाव आणि शिक्का

प्रथम 'पेटंट औषध' ही संज्ञाच तपासली पाहिजे. पेटंट घ्यावयाचे तर घटकद्रव्ये आणि कृती उघड करावी लागते. विक्रेत्यांना नेमके तेच नको होते. त्यामुळे यांतील बहुसंख्य औषधांना पेटंट नव्हतेच. त्यांच्यापाशी होते ते एक गुपित आणि एक नाव. नाव ठळक, पाठीशी शोधकाचे आडनाव, आणि आत काय आहे याविषयी संपूर्ण मौन, अशी ही रचना होती.

या मौनाला नकळत साहाय्य केले ते सरकारी करव्यवस्थेने. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होते. एक शिलिंगापर्यंतच्या औषधावर दीड पेन्सचे शुल्क पडे. म्हणून जाहिरातींत 'एक शिलिंग दीड पेन्स' ही चमत्कारिक वाटणारी किंमत पुनःपुन्हा आढळते. शुल्क भरल्याची कागदी पट्टी डबीवर चिकटवलेली असे. ती केवळ कर भरल्याची खूण होती, औषधाच्या गुणाशी तिचा काहीही संबंध नव्हता. परंतु सामान्य ग्राहक त्या शिक्क्याचा अर्थ 'सरकारमान्य' असा करीत असे आणि विक्रेता तो गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसे. चिन्ह एकाचे आणि अर्थ दुसऱ्याचा, हा प्रकार येथे स्पष्ट दिसतो.

छापखाना आणि गोळी

या व्यापाराची वाढ आणि मुद्रणाची वाढ परस्परांशी निगडित आहे. ब्रिटनमध्ये जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाला. वृत्तपत्रे स्वस्त झाली, त्यांचा खप वाढला आणि औषधविक्रेत्यांना प्रचंड वाचकवर्ग लाभला. टॉमस हॉलोवे या विक्रेत्याने १८३७ च्या सुमारास मलमाचा आणि पुढे गोळ्यांचा धंदा सुरू केला. १८४२ साली तो जाहिरातींवर ५,००० पौंड खर्च करीत होता. १८८३ साली तो वारला तेव्हा हा वार्षिक खर्च सुमारे ५०,००० पौंडांवर गेला होता. गोळीत भरावयाच्या द्रव्यांपेक्षा गोळीविषयीच्या शब्दांवर अधिक भांडवल गुंतवले जात होते.

उलट दिशेनेही पैसा वाहिला. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक १८४२ मध्ये काढणाऱ्या हर्बर्ट इन्ग्रॅम यांनी त्यापूर्वी 'पार्स लाइफ पिल्स' या गोळ्यांच्या विक्रीतून पैसा मिळवला होता. टॉमस पार नावाचा एक वृद्ध १५२ वर्षे जगला अशी दंतकथा इंग्लंडमध्ये प्रचलित होती. १६३५ मध्ये तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य म्हणून या गोळ्या विकल्या गेल्या. एका दंतकथेने गोळी खपवली आणि गोळीने एक नामांकित नियतकालिक उभे केले.

जाहिरातीची घडण

या मजकुराची घडण बहुधा ठरलेली असते. आरंभी औषधाचे नाव, नंतर रोगांची लांबलचक यादी आणि शेवटी बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रे. यादीत अपचन, डोकेदुखी, मानसिक थकवा, त्वचारोग, स्त्रियांचे विकार असे परस्परांशी संबंध नसलेले रोग शेजारी शेजारी बसतात. वाचकाला त्या यादीत स्वतःचे दुखणे कोठे ना कोठे सापडतेच.

रुग्णाचे पत्र हे तर एक छोटे कथानकच असते. दीर्घकाळचे दुखणे, डॉक्टरांनी टेकलेले हात, निराशेच्या क्षणी कोणीतरी सुचवलेली एक डबी आणि काही दिवसांत पूर्ण आराम, असा त्याचा क्रम असतो. प्रथमपुरुषी निवेदन, गावाचे नाव आणि दुखण्याच्या वर्षांचा आकडा यांमुळे या पत्राला साक्षीचे रूप येते. आपल्या व्रतकथांच्या अखेरीस येणाऱ्या फलश्रुतीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोहोंतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. फलश्रुती श्रोत्याकडून श्रद्धा आणि आचरण यांची अपेक्षा करते. या पत्रांना केवळ मूल्य चुकते करणारा ग्राहक हवा असतो.

विश्वास का बसला ?

या विश्वासाला परिस्थितीचा आधार होता. त्या शतकाच्या पूर्वार्धातील मान्यताप्राप्त वैद्यकही रक्त काढणे, जळवा लावणे आणि पाऱ्याची संयुगे पोटात देणे यांवर पुष्कळसे विसंबून होते. डॉक्टरचे शुल्क कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. अशा वेळी पाराविरहित, केवळ वनस्पतिजन्य म्हणून विकली जाणारी गोळी अनेकांना सौम्य आणि शहाणपणाची वाटली. स्वतःला 'हायजीस्ट' म्हणवणाऱ्या जेम्स मॉरिसनने नेमका हाच सूर लावला. सर्व रोगांचे मूळ अशुद्ध रक्तात आहे आणि सर्वांवर रेचक गोळ्या हाच उपाय, हा त्याचा सिद्धान्त. गुण न आल्यास गोळ्यांची संख्या वाढवावी, असा त्याचा सल्ला होता. हा सिद्धान्त अनुभवाने खोटा ठरण्याची सोयच त्यात नव्हती. १८३६ साली लंडन येथे या गोळ्यांच्या एका विक्रेत्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. टॉमस कार्लाइलने 'पास्ट अँड प्रेझेंट' (१८४३) या ग्रंथातील एका प्रकरणाला 'मॉरिसन्स पिल' असे शीर्षक दिले. समाजाच्या सर्व व्याधींवर एकच एक उतारा शोधण्याच्या वृत्तीचे ते प्रतीक झाले.

शिवाय या गोळ्यांचा काहीच परिणाम होत नव्हता असे नाही. 'डबीला गिनीचे मोल' अशी ख्याती मिरवणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे काळाबोळ, सुंठ आणि साबण एवढेच घटक होते. काळाबोळ हे रेचक आहे. कोठा साफ झाल्याचा अनुभव खरा होता. त्या एका खऱ्या अनुभवाच्या आधारावर यादीतील इतर सर्व दावे तोलले गेले.

सर्वच औषधे इतकी निरुपद्रवी नव्हती. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे लहान मुलांना शांत करण्यासाठी दिले जाणारे द्रव्य अफू आणि काकवी यांचे मिश्रण होते. 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या अमेरिकन औषधात मॉर्फिन होते. कामावर जाणारी आई किंवा मूल सांभाळणारी बाई रडणाऱ्या बाळाला त्याचे थेंब पाजी. बाळ निजे, काही बाळे पुन्हा उठत नसत. आपण बाळाला अफू पाजीत आहोत हे पाजणाऱ्या हाताला नावावरून कळण्याचा मार्ग नव्हता. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर निर्बंध घातले, परंतु पेटंट औषधांना त्यातून वगळले. 'सूदिंग' म्हणजे शांतवणारे या एका विशेषणामागे काय दडू शकते, याचे याहून भीषण उदाहरण नसेल.

न्यायालयासमोर शब्द

या विक्रेत्यांना न्यायालयाची भीती वाटत नव्हती; प्रसंगी ते त्याचाही उपयोग करीत. भारतात सेवा केलेले लष्करी डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांच्या क्लोरोडाइन या औषधात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क होता. या औषधाचा मूळ शोधक कोण, यावर १८६४ मध्ये वाद झाला आणि न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राउन यांच्या बाजूने मत दिले. ते मत पुढे अनेक वर्षे जाहिरातीत झळकत राहिले. न्यायालयाने शोधकाविषयी बोललेले शब्द वाचकाने औषधाच्या गुणाविषयी घ्यावेत, अशी ती योजना होती.

या भाषेची खरी कसोटी लागली ती कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात. १८८९ पासून इन्फ्लुएंझाच्या साथीने युरोप ग्रासला होता. रबरी चेंडूतून कार्बोलिक आम्लाची पूड नाकात फवारणाऱ्या या साधनाच्या कंपनीने नोव्हेंबर १८९१ मध्ये जाहीर केले की, सूचनेप्रमाणे दोन आठवडे, दिवसातून तीनदा ते वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड दिले जातील. आपल्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती लुइझा कार्लिल यांनी ते साधन नियमाने वापरले आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी पैसे मागितले, कंपनीने नाकारले.

ही केवळ जाहिरातीतील अतिशयोक्ती होती, ती कोणी शब्दशः घेत नाही, असा कंपनीचा एक मुख्य बचाव होता. अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये तो फेटाळला. न्यायाधीश लिंडले, बोवेन आणि ए. एल. स्मिथ यांनी सामान्य वाचक त्या शब्दांचा काय अर्थ घेईल हे पाहिले. अट स्पष्ट, रक्कम निश्चित, वर बँकेतील ठेवीचा उल्लेख. तेव्हा ही वल्गना नसून वचन आहे आणि ते पाळले पाहिजे, असा निर्णय झाला. करारविषयक कायद्याच्या अभ्यासात हा निवाडा आजही शिकवला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकालाही तो तितकाच उद्‌बोधक आहे. कारण शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनातील हेतूवरून ठरवावा की ऐकणाऱ्याच्या रास्त समजुतीवरून, या प्रश्नाचे उत्तर तेथे दिले गेले.

यानंतर कंपनीने काय केले ? १८९३ मध्ये तिने नवी जाहिरात दिली. बक्षीस २०० पौंडांवर नेले, अटी वाढवल्या आणि असा युक्तिवाद केला की, हजारो चेंडू विकले गेले असता पूर्वीचे बक्षीस केवळ तिघांनीच मागितले, यावरून उपायाची सिद्धता होते. पराभवाचे असे प्रशस्तिपत्र झाले. निवाड्याने काढलेल्या सीमारेषेचे महत्त्वही येथेच कळते. नेमके आश्वासन द्याल तर ते पाळावे लागेल. मोघम स्तुती कराल तर सुरक्षित राहाल. 'बलवर्धक', 'रक्तशोधक', 'अनुभवसिद्ध' यांसारख्या विशेषणांना न्यायालयात खेचणे कठीण असते.

गुपिताचा शेवट

मौन मोडण्याचे काम रसायनशास्त्राने केले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' हा ग्रंथ प्रसिद्ध करून प्रसिद्ध औषधांचे पृथक्करण आणि घटकांची किंमत छापली. बीचमच्या ५६ गोळ्यांच्या डबीतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा, भरली. डबी विकली जाई एक शिलिंग दीड पेन्सला. या ग्रंथाची जाहिरात छापण्यास अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांची 'टोनो-बंगे' ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. तिच्या केंद्रस्थानी अशाच एका निरर्थक औषधाचे साम्राज्य आहे. १९१२ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीचा अहवाल ऑगस्ट १९१४ मध्ये, नेमका महायुद्धाच्या तोंडावर आला आणि बाजूला पडला. घटकद्रव्ये उघड करण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९४१ च्या कायद्याने झाली. त्याच कायद्याने जुने मुद्रांक शुल्कही संपले.

भारतात १९५४ साली औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा कायदा झाला. 'जादूचा उपाय' या संज्ञेत त्याने ताईत, मंत्र आणि कवच यांचाही समावेश केला. जाहिरातीच्या व्याख्येत वेष्टन आणि चिठ्ठी यांनाही घेतले. भाषेच्या अभ्यासकाने या व्याख्या मुळातून पाहाव्यात. शब्द केव्हा औषधाची जागा घेतो, याचा विचार कायदेमंडळाला करावा लागला होता.

मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वरील विवेचनातून तीन प्रश्न घेता येतील. मजकूर कशाविषयी मौन पाळतो ? साक्ष कोणाची आणि कोणत्या कथनरूपात येते ? आणि कोणते वाक्य पाळावे लागेल असे आहे, कोणते केवळ ऐकण्यापुरते ? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गॉडफ्रेचे थेंब पाजणाऱ्या स्त्रीला वाचता येत असते तरी तो तिला विचारता आला नसता, कारण डबीवर उत्तर छापलेलेच नव्हते. वाचन शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी न छापलेले वाचावयासही शिकवले पाहिजे.