ठिबकचा सँड फिल्टर : दोन गेजमधला फरक वाचा, झाड सुकण्याआधीच दुखणं कळेल

उन्हाळा तापला की सांगोल्याच्या डाळिंबात, करमाळ्याच्या केळीत आणि पंढरपूर भागातल्या द्राक्षबागांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मोटर नीट चालते, शेततळ्यात पाणी आहे, तरी ओळीच्या शेवटची झाडं मलूल दिसतात. मग कोणी नळ्या बदलतो, कोणी जादा ताकदीची मोटर बसवतो, तर कोणी ड्रिपरच्या भोकात टाचणी घालत ओळीत बसतो. पण खरं दुखणं बऱ्याचदा मोटरजवळच्या उभ्या लोखंडी टाकीत असतं. ती टाकी म्हणजे सँड फिल्टर, वाळूची गाळणी.

ठिबक बसवताना हा फिल्टर येतो, कंपनीचा माणूस जोडून देतो आणि त्यानंतर कित्येक शेतांत त्याचं झाकण वर्षभर उघडलंच जात नाही. खरं तर त्याला रोज पाच मिनिटं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास दिला तरी पुरतं. ही कामं घरच्या घरी, फारशा खर्चाशिवाय होतात.

कोणाच्या पाण्याला हा फिल्टर लागतो?

ज्या पाण्यावर ऊन पडतं, त्या पाण्यात शेवाळ येतं. शेततळं, उघडी विहीर, कालवा, नदी हे सगळं यात आलं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि गावोगावी शेततळी वाढली. साठवलेलं पाणी हाताशी आलं, पण त्याबरोबर शेवाळही आलं. उजनीच्या कालव्याच्या किंवा भीमेच्या पाण्यातही गाळ, पालापाचोळा आणि शेवाळाचे धागे असतातच.

शेवाळ लवचिक असतं. नुसत्या जाळीच्या फिल्टरला ते चिकटतं आणि प्रेशर वाढलं की जाळीतून दाबून पुढे निघतं. वाळूच्या जाड थरात मात्र ते अडकून राहतं. म्हणून उघड्या पाण्याला आधी सँड फिल्टर आणि त्याच्यापुढे जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर, अशी जोडी लागते.

बोअरच्या पाण्यात वाळूचे कण येत असतील तर त्याचं काम वेगळं. तिथे हायड्रोसायक्लोन लागतो. तो पाणी गरागरा फिरवून जड कण खाली बसवतो. आणि पाणी क्षाराचं असेल तर तो क्षार पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे तो कुठल्याच गाळणीत अडकत नाही.

टाकीच्या आत काय चालतं?

पाणी वरून टाकीत येतं, वाळूच्या थरातून खाली झिरपतं आणि तळाशी असलेल्या बारीक खाचांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून बाहेर पडतं. या तुकड्यांना दुकानात कँडल किंवा मशरूम म्हणतात. पाणी आत घेणं आणि वाळू मागे ठेवणं हे त्यांचं काम.

घाण बहुतेक वरच्या थरात अडकते. घाण साठत गेली की पाण्याला वाट कमी पडते. मग पाणी वाळूतून उभं बीळ पाडून थेट खाली जाऊ लागतं. एकदा असं बीळ पडलं की टाकी भरलेली असून उपयोग नाही. शेवाळ सरळ नळ्यांत जातं, आणि पहिला फटका बसतो तो ओळीच्या शेवटच्या झाडांना.

दोन गेज, एक आकडा

फिल्टरच्या आधी आणि नंतर, अशा दोन ठिकाणी प्रेशर पाहायची सोय असते. दोन गेज नसतील तर एकच गेज आलटून पालटून दोन्हीकडे लावलं तरी चालतं. मोटर बंद असताना काटा शून्यावर येतो का, हे आधी पाहावं. येत नसेल तर ते गेज बदलावं.

फिल्टर नुकताच धुतलेला असताना दोन्ही आकडे पाहून टाकीवर खडूने किंवा रंगाने लिहून ठेवावेत. समजा आधी २ किलो आणि नंतर १.८ किलो प्रेशर आहे. फरक ०.२ किलो. हा झाला स्वच्छ फिल्टरचा फरक. पुढे हाच फरक वाढत ०.५ किलोच्या आसपास गेला, म्हणजे नंतरचा काटा १.५ वर आला, की फिल्टर धुवायची वेळ झाली. कंपनीने पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो धरावा.

काटे आणखीही बरंच सांगतात :

- आधीचं प्रेशर जास्त, नंतरचं कमी : वाळू तुंबली आहे.
- दोन्हीकडे प्रेशर कमी : मोटर, फूटव्हॉल्व पाहावा किंवा पुढे कुठेतरी पाइप फुटला आहे.
- दोन्हीकडे नेहमीपेक्षा जास्त : पुढचा जाळीचा फिल्टर किंवा नळ्या तुंबल्या आहेत, नाहीतर पुढचा व्हॉल्व पूर्ण उघडलेला नाही.
- पाणी घाण असूनही फरक एकदम कमी झाला : वाळूत बीळ पडलं आहे किंवा वाळू कमी झाली आहे. हे चांगलं लक्षण नव्हे.

शेतीच्या विजेच्या पाळीत अनेकदा मोटर रात्री ऑटोवर चालते आणि फिल्टरकडे कोणाचं लक्ष जात नाही. अशा वेळी दिवसाच्या पाळीत किंवा मोटर सुरू असताना जेव्हा शेतात जाणं होईल तेव्हा काटे पाहायची सवय ठेवावी.

बॅकवॉश : पाणी उलटं फिरवायचं

फिल्टर धुणं म्हणजे पाणी खालून वर सोडणं. त्याने वाळू फुगते, सुटी होते आणि अडकलेली घाण वरून बाहेर पडते. एका टाकीच्या फिल्टरला साधारण चार व्हॉल्व असतात : पाणी आत येणारा, बाहेर जाणारा, बायपास आणि बॅकवॉश. मोटर सुरू ठेवून क्रम असा ठेवावा :

१. आधी बॅकवॉशचा व्हॉल्व अर्धा उघडावा, मग बायपास उघडावा.
२. त्यानंतर बाहेर जाणारा आणि मग आत येणारा व्हॉल्व बंद करावा. आता पाणी तळातून वर चढू लागतं.
३. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून पाहावं. सुरुवातीला हिरवट किंवा काळपट येतं. ते निवळेपर्यंत, साधारण पाच मिनिटं, चालू ठेवावं.
४. बादलीच्या तळाशी वाळू दिसू लागली तर जोर जास्त आहे. बॅकवॉशचा व्हॉल्व थोडा आवळावा.
५. पाणी निवळलं की आत येणारा व्हॉल्व उघडावा, बायपास बंद करावा, बाहेर जाणारा उघडावा आणि शेवटी बॅकवॉश बंद करावा.

नियम एकच लक्षात ठेवायचा : आधी उघडायचं, मग बंद करायचं. मोटर सुरू असताना सगळे व्हॉल्व एकदम बंद झाले तर प्रेशर वाढून पाइप किंवा जोड फुटतो.

एका टाकीच्या फिल्टरमध्ये धुण्यासाठी न गाळलेलंच पाणी वापरलं जातं. त्यातली थोडी घाण वाळूखाली राहते आणि नंतर पुढच्या जाळीत येते. म्हणून बॅकवॉशनंतर जाळीचा फिल्टर उघडून मऊ ब्रशने धुवावा. रबरी सील नीट बसलं आहे का, तेही पाहावं. दोन टाक्या जोडलेल्या असतील तर एकीच्या गाळलेल्या पाण्याने दुसरी धुता येते.

बॅकवॉशचं पाणी परत विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नये. बांधावरच्या झाडांकडे त्याची चारी काढून द्यावी.

आठवड्यातून एकदा हात घालायचा, पण वीज तोडून

शेवाळाच्या चिकटपणाने वाळूचे गोळे होतात. ते नुसत्या बॅकवॉशने फुटत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून एकदा झाकण उघडून वाळू हाताने मोकळी करावी लागते.

इथे घाई जिवावर बेतू शकते. स्टार्टरला ऑटो असेल तर वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. हात आत असताना किंवा झाकणाचे बोल्ट ढिले असताना तसं झालं तर मोठी इजा होऊ शकते. म्हणून आधी ऑटो काढावा, मेन स्विच बंद करावा, घरच्यांना सांगून ठेवावं. मग बॅकवॉशचा व्हॉल्व उघडून आतलं प्रेशर पूर्ण जाऊ द्यावं. काटा शून्यावर आल्याशिवाय बोल्टला पाना लावू नये.

वरची चिकट साय काढून टाकावी, गोळे हाताने फोडावेत. तळातल्या कँडलला धक्का लागेल इतकं खोल फावडं किंवा गज घालू नये. झाकण घट्ट बसवून पुन्हा बॅकवॉश द्यावा, म्हणजे सुटी झालेली घाण निघून जाईल.

वाळू कोणती आणि कधी बदलायची?

नदीची किंवा बांधकामाची वाळू चालत नाही. त्यात माती असते, कण लहान-मोठे असतात. फिल्टरसाठी एकसारख्या मापाची, कोनेदार कणांची वाळू लागते. कंपनीने दिलेल्या मापाचीच घ्यावी. टाकी काठोकाठ भरू नये. बॅकवॉशमध्ये वाळू फुगायला वर जागा लागते. कंपनीच्या खुणेपर्यंतच भरावी.

मूठभर वाळू हातात घेऊन पाहावी. कण झिजून गोल गुळगुळीत झाले असतील, धुऊनही गोळे सुटत नसतील, कुजका वास येत असेल, तर ती बदलावी. पातळी खाली गेली असेल तर भर घालावी. आणि पुढच्या जाळीच्या फिल्टरमध्ये वाळू सापडू लागली, तर समजावं की तळातली कँडल फुटली आहे. ती बदलेपर्यंत ठिबक चालवू नये.

खत आणि औषध कुठे सोडायचं?

व्हेंच्युरी किंवा खताची टाकी सँड फिल्टरच्या पुढे आणि जाळीच्या फिल्टरच्या आधी असावी. खत वाळूतून गेलं तर तिथेच शेवाळाला खाद्य मिळतं. जाळीच्या पुढे सोडलं तर न विरघळलेला खडा थेट ड्रिपरमध्ये जातो.

नळ्यांत शेवाळ धरलं असेल तर क्लोरीन आणि क्षार धरला असेल तर आम्ल देतात. मात्रा पाणी तपासून, कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवावी. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, एकाच बादलीतही वापरू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावं, आम्लात पाणी ओतू नये. शेततळ्यात मासे सोडले असतील तर तळ्यात क्लोरीन किंवा मोरचूद टाकू नये, मासे मरतात.

शेवाळ मुळात कमी आत यावं म्हणून फूटव्हॉल्व ड्रमला किंवा ट्यूबला बांधून तरंगता ठेवावा. पाण्याच्या वरची साय आणि तळाचा गाळ दोन्ही टाळून, मधलं पाणी उचललं जाईल इतक्या खोलीवर तो असावा.

फिल्टर काम करतोय का? ग्लास लावून पाहा

ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर २०० मिलीचा ग्लास तीन मिनिटांत भरला पाहिजे. ताशी २ लिटरचा असेल तर सहा मिनिटांत. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली ग्लास धरून मोबाइलवर वेळ लावावी. शेवटचा ग्लास स्पष्ट कमी भरला तर आधी सबमेन आणि मग नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून द्यावं. टाचणी घालू नये. भोक मोठं होतं, त्या झाडाला पाणी जास्त जातं आणि पुढच्यांचं कमी होतं.

पोहण्याच्या टाकीलाही हाच नियम

काही शेतकऱ्यांनी कृषी पर्यटनासाठी शेतावर पोहण्याची छोटी टाकी बांधली आहे. तिथला सँड फिल्टरही याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की वेगवेगळ्या व्हॉल्वऐवजी वर एकच फिरता दांडा असतो. तो फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतलं सील फाटतं. स्वच्छ असतानाच्या प्रेशरपेक्षा काटा साधारण अर्धा किलोने चढला की तिथेही बॅकवॉश द्यायचा. त्यानंतर दांडा ‘रिन्स’वर ठेवून थोडं पाणी बाहेर सोडायचं, मगच टाकीकडे वळवायचं.

पान मलूल दिसेपर्यंत झाडाला ताण बसलेला असतो, आणि डाळिंबाला फळ फुगायच्या वेळी पाण्यात चढउतार झाला तर फळ तडकतं. काटा हे त्याच्या कितीतरी आधी सांगतो. मोटर चालू करायला गेलेल्या माणसाने, मग तो घरचा असो की सालगडी, टाकीवर लिहिलेला आकडा आणि समोरचा काटा यांची गाठ घालून पाहावी. फरक अर्ध्या किलोवर गेला असेल, तर त्या दिवशी पहिलं काम बॅकवॉशचं.