नखाला लागलं? आधी पाणी-साबण, गोळी नंतर

चिकलठाणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरांत बोट चेंगरणं नवं नाही. कधी मशीनवर, कधी हातोडीनं, कधी दारात. नख काळं पडतं, ठणकतं. घरी येताना माणूस मेडिकलवरून ‘पिकू नये म्हणून’ अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेतो. दोन दिवस खातो, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवतो. पुढे त्याच लेकराला देतो.

बंधू-भगिनींनो, नखाच्या साध्या जखमेला बहुतेक वेळा या गोळ्या लागत नाहीत. अँटिबायोटिक जंतू मारतं, ठणका थांबवत नाही. जखम लहान असेल, नीट धुतली असेल आणि माणूस निरोगी असेल, तर आधीच गोळ्या घेऊन पिकणं टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट जुलाब लागू शकतात, अंगावर पुरळ येऊ शकतं. शिवाय जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग न्युमोनियासारख्या मोठ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच हा इशारा दिला होता.

मग करायचं काय? अंगठी लगेच काढा. वाहत्या पाण्याखाली साबणानं बोट चांगलं धुवा. स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा, हात उंच धरा. हळद, चुना, तंबाखू लावू नका. काळ्या नखाला घरी सुई टोचू नका. ठणक्याला पॅरासिटामॉल पुरते. निघालेलं नख पुन्हा यायला साधारण सहा महिने लागतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विसरू नका. शेवटचं घेऊन दहा वर्षं झाली असतील, जखम मळकट असेल तर पाच वर्षं झाली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर घ्या.

शुगर असेल, जखमेत माती-गटाराचं पाणी गेलं असेल, काही चावलं असेल, नख मुळातून उखडलं असेल, हाड दिसत असेल किंवा बोट वाकत नसेल, तर त्याच दिवशी मिनी घाटी गाठा. नंतर लाली वाढली, पू किंवा ताप आला तरीही जा. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर सांगितलेले सगळे दिवस घ्या.

आणि इजा कामावर झाली असेल, तर कंपनीच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करायला लावा. बोट आपलं आहे, हक्कही आपलाच आहे.