डव्हटेल सांधा

डव्हटेल सांधा : दोन फळ्यांची टोके काटकोनात अडकविण्याचा सुतारकामातील सांधा. एका फळीवर पारव्याच्या पसरट शेपटीसारखे दाते व दुसरीत जुळत्या खाचा असतात. खणाच्या बाजूच्या फळ्यांवर दाते ठेवल्यास दर्शनी फळी ओढली तरी निसटत नाही. रायगड जिल्ह्यातील महाड, पोलादपूर भागातील पावसाळी दमटपणात खिळे गंजतात, सरस मऊ पडतो. तेथे ही पाचरीसारखी पकडच पेटी टिकविते. एकाच लाकडाच्या, तंतू लांबीला असलेल्या फळ्या रुंदीत सारख्याच फुगतात, त्यामुळे सांधा उकलत नाही. दात्यांचा उतार कठीण लाकडात सु. १:८, मऊ लाकडात १:६ असतो. याहून तिरपे दाते कोपऱ्यांशी तुटतात. बहुधा आधी दाते कापून त्यांवरून खाचा आखतात. करवत रेषेच्या टाकाऊ बाजूनेच चालवावी. उरलेला भाग पटाशीने दोन्ही अंगांनी अर्धा अर्धा कोरावा.