थेंबातली गणपूर्ती

हाउसिंग सोसायटीच्या सभेला पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा तहकूब होते. गणपूर्ती नाही, तर ठराव नाही. जिवाणूही काही कामं याच नियमाने करतात, याचा उलगडा १९७० साली झाला. केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज हे समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. जिवाणू विरळ असताना प्रकाश पडत नसे, दाटी झाली की पडे. प्रत्येक जिवाणू एक रसायन पाण्यात सोडत राहतो. गर्दी वाढली की ते साठतं, आणि ठरावीक पातळी गाठली की सगळे मिळून दिवे लावतात. १९९४ साली या प्रकाराला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं.

अथांग समुद्रात असं रसायन साठणार कुठे? एकपेशीय शैवालाच्या अंगाभोवती. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं थोडं बाहेर झिरपतं. त्या खाऊभोवती जिवाणू गोळा होतात. पेशीभोवतीच्या या इवल्याशा परिसराला बेल आणि मिचेल यांनी १९७२ साली ‘फायकोस्फिअर’ म्हटलं. जिवाणू इथे फुकटे पाहुणे नसतात. ३२६ प्रजातींचा आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून अधिक शैवालांना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागतं असं दिसलं, आणि ते बनवणारे जिवाणूच असतात.

पण ही सोयरीक कायमची नसते. ‘एमिलियानिया हक्सलेयी’ हे शैवाल अंगावर चुन्याच्या नक्षीदार चकत्या वागवतं. त्याचा बहर आला की समुद्र दुधाळ निळा होतो आणि ते उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसतं. त्याच्या सोबतीला ‘फिओबॅक्टर’ हा जिवाणू असतो. शैवाल तरुण आहे तोवर हा त्याच्या वाढीला पोषक रसायन देतो आणि प्रतिजैविक सोडून परक्या जिवाणूंना दूर ठेवतो. शैवाल म्हातारं झालं की त्यातून पॅरा-कुमॅरिक आम्ल बाहेर पडू लागतं. तो वास लागताच राखणदार फिरतो. वाढीचं रसायन आणि प्रतिजैविक बनवणारीच यंत्रणा वापरून तो ‘रोझिओबॅक्टिसाइड’ हे विष तयार करतो आणि यजमानाला संपवतो. हार्वर्डमधल्या सय्यदसयामदोस्त, क्लार्डी आणि कोल्टर या संशोधकांनी २०११ साली हे दाखवून दिलं. त्या जिवाणूला दगाबाज म्हणण्यात अर्थ नाही. मरणाऱ्या पेशीकडून पुढे काही मिळणार नसतं, तेव्हा उरलंसुरलं पदरात पाडून घेणं हा जगण्याचा हिशेब आहे.

‘सूडो-नित्स्चिया’ या डायटम गटातल्या शैवालाचा संसार वेगळा आहे. १९८७ साली कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर शिंपल्यांतून जी जीवघेणी विषबाधा झाली, तिचं मूळ याच शैवालात होतं. हे डायटम जिवाणूंना ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पुरवतं. ‘सल्फिटोबॅक्टर’ जिवाणू त्यापासून ऑक्सिन बनवून परत करतो, आणि डायटमच्या पेशी भराभर दुभंगतात. ऑक्सिन म्हणजे झाडाचा शेंडा वाढवणारं संप्रेरक, शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं.

मग शैवाल नुसतं ऐकूनच घेतं का? मुळीच नाही. ‘क्लॅमिडोमोनस’ हे गोड्या पाण्यातलं शैवाल जिवाणूंच्या संदेशांसारखी बनावट रसायनं सोडून त्यांच्या निरोपांत घोळ घालतं. ‘अ‍ॅस्टेरिओनेलोप्सिस’ डायटम तर भोवतीची माणसं पारखून घेतं म्हणावं लागेल. त्यातून निघणारं अझेलेइक आम्ल उपयोगी जिवाणूंना पोसतं आणि संधिसाधूंना रोखतं. रोझमरिनिक आम्लामुळे उपयोगी जिवाणूंची भटकंती थांबते आणि ते जवळ चिकटून राहतात. यातलं पहिलं आम्ल मुरुमांवरच्या मलमात असतं, दुसरं आपल्या अंगणातल्या तुळशीत. २०२० साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या या पेशीच्या चोखंदळपणाने अभ्यासकही थक्क झाले असतील.

जिवाणूंचा निरोप शैवालापर्यंत पोचतो त्याचं आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं. ‘स्यूडोअल्टेरोमोनस’ जिवाणू ‘एचएचक्यू’ हे संदेशरसायन सोडतो. त्याच्या अगदी सूक्ष्म मात्रेनेही एमिलियानियाची वाढ थांबते, म्हणून आधी ते शैवालाचं मारक मानलं गेलं. २०२१ साली दुसरी बाजू पुढे आली. या रसायनाने शैवालाचं पेशीविभाजन डीएनएची नक्कल होण्याच्या टप्प्यावरच अडतं. या अडलेल्या पेशींवर विषाणू सोडला, तेव्हा एरवी अख्खा बहर फस्त करणारा तो विषाणू त्यांना मारू शकला नाही.